रंग, चिन्हे आणि समुद्र : जर्मन दूरपल्ल्याच्या सागरी टेहळणी विमानांचे मायावरण (१९४०–१९४५)

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धातील अटलांटिकच्या लढाईविषयी लिहिताना पाणबुड्यांना जितके महत्त्व दिले जाते, तितके त्या पाणबुड्यांना काफिल्यांचा ठावठिकाणा कळविणाऱ्या विमानांना दिले जात नाही. या विमानांच्या रंगांचा व चिन्हांचा विषय तर बहुधा प्रतिकृती बनविणाऱ्या हौशी मंडळींवर सोपवून अभ्यासक मोकळे होतात. वास्तविक हा विषय प्रकाशविज्ञान, दृष्टीचे मानसशास्त्र, लष्करी प्रशासन आणि इतिहासाची साधनचिकित्सा या चारही क्षेत्रांना स्पर्श करणारा आहे. लढाऊ विमानाला एकाच वेळी दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. शत्रूला ते दिसू नये आणि स्वकीयांना मात्र ते ओळखू यावे. पहिले काम मायावरणाचे, दुसरे चिन्हांचे. जर्मन सागरी टेहळणी विमानांच्या बाबतीत या दोन कामांची सांगड कशी घातली गेली आणि ज्या डोळ्यांपासून लपायला हवे होते त्यांचा विचार त्या रंगयोजनेत कितपत झाला होता, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. विवेचनाच्या केंद्रस्थानी फोके-वुल्फ एफडब्ल्यू २०० 'काँडोर' हे विमान ठेवले आहे. इतर विमानांचा उल्लेख तुलनेपुरता येईल.

चंदेरी प्रवासी विमान ते हिरवे युद्धविमान

काँडोर हे मुळात युद्धविमान नव्हतेच. अभियंता कुर्ट टांक याने ते जर्मन लुफ्तहान्सा या नागरी विमान कंपनीसाठी चार इंजिनांचे प्रवासी विमान म्हणून आखले. १९३७ मध्ये त्याचे पहिले उड्डाण झाले आणि ऑगस्ट १९३८ मध्ये 'ब्रांडेनबुर्ग' नावाच्या काँडोरने बर्लिनहून न्यूयॉर्कपर्यंत कोठेही न थांबता सुमारे पंचवीस तासांत मजल मारली. त्या काळातील छायाचित्रांत ही विमाने चंदेरी रंगाची, लांबून उठून दिसणारी अशी आहेत. त्यांच्या धडावर 'डी' या अक्षराने सुरू होणारा नागरी नोंदणीक्रमांक ठळक लिहिलेला असे. प्रवासी कंपनीला दिसण्याची गरज होती, लपण्याची नव्हती. हिटलरच्या स्वतःच्या वापरातील काँडोरवर 'डी-२६००' हा क्रमांक होता. पुढे त्याचे रूपांतर '२६+००' अशा लष्करी धाटणीच्या खुणेत झाले. शासनसंस्थेचे लष्करीकरण एका क्रमांकाच्या लेखनबदलातूनही वाचता येते, ते असे.

युद्ध सुरू झाले तेव्हा जर्मन हवाई दलापाशी अटलांटिकवर दूरवर जाणारे खास बनविलेले विमान नव्हते. एडगर पीटरसन या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने काँडोरला बंदुका, पोटाखालची लांबट कोठडी आणि बॉम्ब बसविण्यात आले व त्यातून 'काम्फगेश्वाडर ४०' हे दल उभे राहिले. फ्रान्सच्या पाडावानंतर १९४० च्या उन्हाळ्यात या दलाने बोर्दोजवळील मेरीन्याक येथे तळ मांडला. तेथून निघून आयर्लंडच्या पश्चिमेला वळसा घालून नॉर्वेत उतरायचे आणि काही काळाने त्याच मार्गाने परतायचे, असा या विमानांचा ठरलेला फेरा होता. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा पल्ला आणि चौदा तासांपर्यंतचे उड्डाण ही त्यांची खरी शक्ती. मात्र प्रवासी विमानाच्या सांगाड्यावर युद्धाचा भार लादल्यामुळे उतरताना धड पंखांच्या मागे मोडण्याचे प्रकार वारंवार घडले. पाठीचा कणा मोडून धावपट्टीवर पडलेल्या काँडोरची छायाचित्रे म्हणूनच अनेक आहेत, आणि रंगांच्या अभ्यासकाला ती फार उपयोगी पडतात. कारण धडाची वरची बाजू इतक्या जवळून अन्यथा क्वचितच दिसते.

सागरी रंगयोजना

जर्मन विमानांचे रंग वैमानिकांच्या मर्जीवर सोडलेले नव्हते. रंगांना हवाई मंत्रालयाने क्रमांक दिलेले होते आणि कोणता रंग कोणत्या विमानावर कसा द्यावयाचा याची सूचनापुस्तिका होती. तिची नोव्हेंबर १९४१ ची आवृत्ती अभ्यासकांना विशेष परिचित आहे. जमिनीवरून लढणाऱ्या बॉम्बफेकी विमानांच्या वरच्या बाजूस ७० क्रमांकाचा काळपट हिरवा व ७१ क्रमांकाचा गडद हिरवा हे रंग, तर खालच्या बाजूस ६५ क्रमांकाचा फिकट निळा रंग देत. समुद्रावर वावरणाऱ्या विमानांसाठी खालचा निळा तोच ठेवून वरचे दोन रंग बदलले होते. तेथे ७२ व ७३ या क्रमांकांचे हिरवे रंग आले. त्यांपैकी ७३ किंचित निळसर छटेचा होता. हे दोन्ही रंग वेड्यावाकड्या ढगाळ आकारांत न देता सरळ रेषांनी तुटलेल्या, कोनदार तुकड्यांत देत. फुटलेल्या काचेच्या कपच्या मांडाव्यात तसे हे तुकडे दिसतात.

ही योजना प्रथम पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी होती. बंदरात नांगरलेले विमान वरून पाहणाऱ्याला गडद पाण्यात मिसळून जावे, हा तिचा हेतू. काँडोर जमिनीवरून उडत असले तरी त्याचे काम समुद्रावर असल्यामुळे त्यालाही हीच योजना लागू झाली. डॉर्निअर १८, तीन इंजिनांची ब्लोम उंड फोस १३८, सहा इंजिनांची अवाढव्य ब्लोम उंड फोस २२२, तसेच १९४३ पासून मों-द-मार्सां येथील टेहळणी दलात दाखल झालेली युंकर्स २९० या विमानांचाही वर्ण साधारण हाच होता. उत्तर नॉर्वेतील हिवाळ्यात मात्र १३८ जातीच्या विमानांवर धुऊन काढता येईल असा पांढरा रंग नागमोडी पट्ट्यांत फवारलेला दिसतो. बर्फाळ किनारा हीच तेथील पार्श्वभूमी होती.

एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. फिकट निळा रंग विमानाच्या पोटापुरता मर्यादित राही. धडाच्या दोन्ही कुशी बव्हंशी हिरव्याच असत. काँडोरचे पंख सुमारे तेहतीस मीटर लांब आणि धड साडेतेवीस मीटर. एवढी मोठी गडद कूस क्षितिजालगत आडवी दिसू लागली की तिचे काय होते, हा प्रश्न या योजनेत मागेच राहिला होता.

चिन्हांची भाषा

आता ओळखीच्या खुणांकडे वळू. धडावर आणि पंखांवर काळा, पांढऱ्या कडांचा सरळ फुलीसारखा 'बाल्केनक्रॉइत्स' आणि शेपटीच्या उभ्या पृष्ठावर नाझी राजवटीचे कलते स्वस्तिकसदृश चिन्ह, ही राष्ट्रीय चिन्हे होत. (आपल्याकडील मंगलचिन्हाशी त्याचे आकारसाम्य असले तरी अर्थाचा काडीमात्र संबंध नाही, हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये.) युद्धपूर्व काळात हे चिन्ह लाल पट्ट्यावरील पांढऱ्या वर्तुळात असे. पुढे लाल पट्टा गेला आणि केवळ पांढऱ्या कडेचे काळे चिन्ह उरले. युद्धाच्या उत्तरार्धात गडद पृष्ठावर क्रॉसची फक्त पांढरी कड रंगविण्यापर्यंत काटछाट झाली. लांबून दिसण्यासाठीच काढलेले चिन्ह शेवटी कमी दिसावे असे करावे लागले.

क्रॉसच्या दोन्ही बाजूंची अक्षरे ही खरी प्रशासकीय भाषा होय. डावीकडील दोन खुणा दलाच्या. 'एफ८' म्हणजे काम्फगेश्वाडर ४०. उजवीकडील पहिले अक्षर त्या एका विमानाचे आणि शेवटचे अक्षर तुकडीचे. 'एफ८+बीके' असे लिहिलेले असेल तर ते विमान या दलाच्या दुसऱ्या तुकडीतील 'बी' होय, कारण पहिल्या तीन तुकड्यांना अनुक्रमे 'एच', 'के' व 'एल' ही अक्षरे होती; चौथीपासून 'एम', 'एन', 'पी' आणि सातवीपासून 'आर', 'एस', 'टी'. विमानाच्या स्वतःच्या अक्षराला तुकडीचा रंग मिळे. प्रत्येक तिघांतील पहिल्या तुकडीला पांढरा, दुसरीला लाल, तिसरीला पिवळा, तर मुख्यालयाच्या विमानाला हिरवा. युंकर्स २९० चालविणाऱ्या पाचव्या दूरटेहळणी गटाची खूण '९व्ही' होती. कारखान्यातून बाहेर पडताना विमानावर चार अक्षरांची वेगळी बिनतारी खूण असे. दलात दाखल झाल्यावर ती पुसून वरील खूण लिहीत. कधी कधी जुनी अक्षरे नव्या रंगाखालून डोकावताना दिसतात.

या सर्वांखेरीज काम्फगेश्वाडर ४० चे स्वतःचे बोधचिन्ह होते. पृथ्वीचा गोल आणि त्याभोवती पिवळे कडे. विमानाच्या नाकाडाजवळ ते रंगविलेले आढळते. दलाची महत्त्वाकांक्षा त्यातून स्पष्ट होते. प्रत्यक्षात कोणत्याही एका दिवशी उड्डाणास सज्ज असलेली काँडोर बोटांवर मोजता येण्याइतकीच असत. शेपटीच्या सुकाणूवर बुडविलेल्या जहाजांच्या छोट्या आकृती काढण्याची प्रथाही होती. मायावरणाच्या दृष्टीने पाहिले तर ही शुद्ध उधळपट्टी. मनोधैर्याच्या दृष्टीने पाहिले तर ती सैन्याला परवडणारी, नव्हे आवश्यक अशी उधळपट्टी. नियमपुस्तिका आणि माणूस यांच्यातील तडजोड सुकाणूवरील त्या आकृत्यांत दिसते.

पाहणारा कोठे उभा आहे?

मायावरणाचा विचार रंगापासून नव्हे, तर पाहणाऱ्याच्या जागेपासून सुरू व्हावयास हवा. काँडोरला पाहणारे तीन प्रकारचे होते. पहिला, वरून पाहणारा. मेरीन्याकवर येणारे ब्रिटिश बॉम्बफेके व टेहळणी विमान, किंवा उंचीवरून झेप घेणारे लढाऊ विमान. त्याच्या दृष्टीने ७२-७३ ची हिरवी योजना उत्तम होती. उत्तर अटलांटिकचे पाणी बहुतेक काळ ढगाळ आकाशाखाली काळसर दिसते आणि त्यावरून सरकणारे गडद हिरवे विमान वरून सहज नजरेत भरत नाही. दुसरा पाहणारा समोरून किंवा बरोबरीच्या उंचीवरून येणारा. आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा, जहाजाच्या डेकवर उभा राहून क्षितिज न्याहाळणारा खलाशी.

हा तिसरा डोळा महत्त्वाचा का, हे १९४०–४१ च्या हल्ल्यांवरून कळते. २६ ऑक्टोबर १९४० रोजी बेर्नहार्ड योपे याच्या काँडोरने बेचाळीस हजार टनांहून मोठ्या 'एम्प्रेस ऑफ ब्रिटन' या प्रवासी जहाजावर बॉम्ब टाकून त्यास आग लावली. दोन दिवसांनी एका जर्मन पाणबुडीने ते बुडविले. ९ फेब्रुवारी १९४१ रोजी पाच काँडोरनी जिब्राल्टरहून निघालेल्या एका काफिल्यातील पाच जहाजे बुडविली. हे हल्ले बहुधा अगदी खालून, डोलकाठीच्या उंचीवरून होत. डेकवरील माणसाला विमान किती आधी दिसते, त्यावर बंदूक वळविण्यास त्याला मिळणारी सेकंदे अवलंबून. भूमध्य समुद्राचा मार्ग धोक्याचा झाल्यानंतर हिंदुस्थानाकडून येणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून याच पाण्यातून जात, आणि ब्रिटिश व्यापारी जहाजांवर कोकण, गोवा, बंगाल, सिल्हेट येथील हजारो खलाशी काम करीत होते. क्षितिजावरील काळा ठिपका पाहणाऱ्यांत तेही होते.

तो ठिपका काळा का दिसे? आकाशाच्या पार्श्वभूमीवर पाहिलेल्या विमानाच्या पोटावर थेट प्रकाश पडत नाही. समुद्राच्या पृष्ठावरून परतलेला प्रकाशच काय तो पडतो, आणि समुद्र आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा फार थोडा भाग परत फेकतो. त्यामुळे पोटाचा रंग कोणताही असला तरी ते मागच्या आकाशापेक्षा गडदच भासते. आकाश निळे म्हणून पोटही निळे, हा तर्क वरवर पटणारा असला तरी अपुरा आहे. निळा रंग मिळालेल्या तुटपुंज्या प्रकाशातील काही भाग गिळून टाकतो आणि विमान अधिकच काळे पडते. शक्य तेवढा सर्व प्रकाश परत करणारा पांढरा रंगच येथे कमीत कमी वाईट. ढगाळ हवेत तर क्षितिजाकडून येणारा पसरट प्रकाश विमानाच्या कुशींवर भरपूर पडतो. कूस पांढरी असेल तर ती जवळजवळ आकाशाइतकीच उजळ होऊ शकते, हिरवी असेल तर होऊ शकत नाही.

ब्रिटिश कोस्टल कमांडने नेमका हाच धडा घेतला. पाणबुडीवरील पहारेकऱ्याला विमान उशिरा दिसावे, या हेतूने १९४१ पासून त्यांच्या पाणबुडीविरोधी विमानांच्या कुशी बिनचमक पांढऱ्या व पोट चकचकीत पांढरे करण्यात आले. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ केनेथ क्रेक यांनी १९४४ मध्ये 'नेचर'मधील टिपणात समुद्रपक्ष्यांच्या पांढऱ्या पिसाऱ्याचा याच अंगाने विचार केला. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला पांढऱ्या पोटाचा पक्षी उशिरा दिसतो. अमेरिकनांनी त्याही पुढे जाऊन पंखांच्या पुढच्या कडेवर दिवे लावून विमानाची उजळणी आकाशाशी जुळवून पाहिली. १९४५ मधील चाचणीत अशा दिव्यांमुळे अ‍ॅव्हेंजर विमान सुमारे एकोणीस किलोमीटरऐवजी तीन किलोमीटरवर आल्यावरच दिसू लागले. दिवा लावून लपण्याचा हा प्रयोग युद्धात प्रत्यक्ष वापरला गेला नाही.

मग जर्मनांना हे का सुचले नाही? असा प्रश्न विचारणे सोपे आहे. पण त्यात थोडा अन्याय आहे. ब्रिटिश विमानाचे भक्ष्य दिसताच बुडी मारणारे होते, म्हणून त्याला न दिसता जवळ जाणे भाग होते. काँडोरचे भक्ष्य म्हणजे ताशी काही सागरी मैलांनी सरकणारा काफिला. तो बुडी मारू शकत नव्हता की पळू शकत नव्हता. १९४० मध्ये बहुतेक व्यापारी जहाजांवर पुरेशा विमानविरोधी तोफाही नव्हत्या. तोफांच्या टप्प्याबाहेर राहून तासन्‌तास घिरट्या घालणाऱ्या आणि पाणबुड्यांना संदेश पाठविणाऱ्या काँडोरला आपण दिसतो याची पर्वा करण्याचे कारण नव्हते. त्याला भीती होती ती तळावर पकडले जाण्याची आणि वरून येणाऱ्या लढाऊ विमानाची. हिरवी योजना त्या भीतीला अनुसरून होती. आपल्याला कोण पाहणार याविषयीचा जर्मनांचा अंदाज त्या रंगात उतरला आहे, आणि वर्षभर तो अंदाज बरोबरही ठरला.

तो चुकू लागला तो १९४१ च्या उन्हाळ्यापासून. जहाजावरील प्रक्षेपकातून उडविलेल्या हरिकेन विमानाने ३ ऑगस्ट १९४१ रोजी पहिले काँडोर पाडले. 'मॅपलिन' या जहाजावरून उडालेला वैमानिक होता रॉबर्ट एव्हरेट. त्यानंतर 'ऑडॅसिटी' ही छोटी विमानवाहू नौका आली. ती मूळची जर्मनांकडूनच पकडलेले व्यापारी जहाज होती, हा इतिहासाचा एक खोडसाळपणा. तिच्यावरील मार्टलेट विमाने खालून वर चढत येत, म्हणजे डेकवरील खलाश्याच्याच कोनातून काँडोरकडे पाहत. एरिक ब्राउन या वैमानिकाने काँडोरच्या मागच्या बंदुका टाळण्यासाठी समोरून, थेट चालककक्षावर चाल केली. तेथे हिरव्या तुकड्यांचा काहीच उपयोग नव्हता. पुढे जर्मन वैमानिकांना लढत टाळून ढगांत शिरण्याच्या सूचना मिळाल्या. रंगाने जे साधत नव्हते ते ढगांकडून मागून घेण्याचाच हा प्रकार.

१९४३ मध्ये काँडोरच्या नाकावर 'होहेनट्वील' रडारचे काटेरी सांगाडे आले आणि लपण्याचा प्रश्नच वेगळ्या पातळीवर गेला. जहाजांवरील रडारला हिरवा व पांढरा सारखाच. त्याच वर्षी या दलाच्या दुसऱ्या गटातील हाइंकेल १७७ विमाने बिनतारी नियंत्रणाने चालणारे बॉम्ब दुरूनच सोडू लागली. त्या काळात समुद्रावर वावरणाऱ्या विमानांच्या गडद पृष्ठावर फिकट रंगाच्या वेटोळ्या रेषा फवारून लाटांचा भास निर्माण करण्याची पद्धत आली होती. २६ नोव्हेंबर १९४३ रोजी अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ अशाच एका बॉम्बने ब्रिटिश इंडिया कंपनीचे 'रोहना' हे जहाज बुडाले. अकराशेहून अधिक माणसे मेली; त्यांत बहुसंख्य अमेरिकन सैनिक होते, आणि जहाजावरील हिंदी खलाशीही होते.

छायाचित्रांची साक्ष

या विषयाची बरीच साधने म्हणजे कृष्णधवल छायाचित्रे आहेत, आणि त्यांची साक्ष सावधपणे घ्यावी लागते. ७२ आणि ७३ हे रंग मुळातच इतके जवळचे की ढगाळ दिवशी काढलेल्या छायाचित्रात काँडोर एकाच गडद रंगाचे दिसते आणि कोनदार तुकडे नाहीसे होतात. तसे छायाचित्र पाहून 'हे विमान एकरंगी होते' असे विधान करणे धाडसाचे. ते ७०-७१ चे की ७२-७३ चे, हा निवाडाही केवळ करड्या छटांवरून करता येत नाही. त्या काळातील काही फिल्म लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या आणि पिवळ्याला मंद होत्या. अशा फिल्मवर लाल आणि पिवळे अक्षर दोन्ही काळपट उमटतात; म्हणजे दुसरी तुकडी की तिसरी, हे अक्षराच्या छटेवरून नव्हे तर त्याच्या शेजारच्या तुकडीच्या अक्षरावरून ठरवावे लागते. बोधचिन्हातील पिवळे कडे काही छायाचित्रांत काळे दिसते ते याचमुळे. अलीकडे संगणकावर रंगविलेली जुनी छायाचित्रे सर्रास फिरतात. त्यांतील हिरवा रंग आजच्या तंत्रज्ञाच्या किंवा यंत्राच्या अंदाजाचा असतो, १९४१ चा नव्हे; पुरावा म्हणून त्याचे मूल्य शून्य आहे.

प्रत्यक्ष धातूचा पुरावा फार थोडा उरला आहे. युद्धात सुमारे पावणेतीनशे काँडोर बांधली गेली, पण अखंड असे एकही टिकले नाही. २० ऑगस्ट १९४० रोजी आयर्लंडमधील केरी परगण्यात माउंट ब्रँडनवर एक काँडोर आदळले. त्यातील माणसे वाचली आणि त्या तटस्थ देशात नजरकैदेत राहिली. फेब्रुवारी १९४२ मध्ये नॉर्वेतील ट्रॉन्डहाइमच्या खाडीत उतरून बुडालेले दुसरे एक विमान मे १९९९ मध्ये वर काढताना तुकडे होऊन विखुरले. ते तुकडे गोळा करून, अन्य ठिकाणच्या अवशेषांतील भाग जोडून ब्रेमेन येथे दोन दशके त्याच्या पुनर्बांधणीचे काम चालले आणि २०२१ मध्ये ते बर्लिनला नेण्यात आले. तेथे त्यासाठी जागा मिळाली ती टेम्पेलहोफच्या जुन्या विमानतळावर. युद्धापूर्वी लुफ्तहान्साची चंदेरी काँडोर प्रवासी घेऊन याच विमानतळावरून ये-जा करीत असत.